एकाच गुडघ्यात दोन दुखणी: पोळी-भाजी केंद्रवाल्या काकूंची केस

पेशंट सांगलीच्या एक काकू. वय ५८, उंची ५ फूट, वजन ७४ किलो, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू, आणि घराच्या तळमजल्यावर स्वतःचं पोळी-भाजी केंद्र. तक्रार म्हणाल तर उजवा गुडघा, दीड वर्ष झालं दुखतोय. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. काकूंची परवानगी घेऊन लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. केस दुर्मिळ वगैरे अजिबात नाहीये, उलट इतकी कॉमन आहे की तुमच्या घरात नाहीतर शेजारी असा एक गुडघा असणारच, म्हणून तर सविस्तर लिहितेय.

जूनच्या शेवटी मुलगा घेऊन आला. हातात भली मोठी फाइल, आणि चेहरा असा की आता ऑपरेशनची तारीखच घ्यायची राहिलीय. एमआरआयचा रिपोर्ट त्याने मोबाइलवर टाकून एकेक शब्द शोधून वाचला होता. आत लिहिलं होतं मेडियल मेनिस्कसच्या (सांध्यातली आतल्या बाजूची गादी) मागच्या भागात टिअर, म्हणजे चीर, कार्टिलेज (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजलेलं, थोडं पाणी, मागे छोटी बेकर्स सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ. त्याचा सरळ प्रश्न, "मॅडम, आतली गादी फाटलीय म्हणतात, मग नुसत्या व्यायामानं शिवली जाणार आहे का?" प्रश्न बरोबरच होता, फक्त त्याआधी दुसरे दोन-तीन प्रश्न विचारायचे राहिले होते.

तोपर्यंत तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने सांगितलं दुर्बीण घालून गादी साफ करू. दुसऱ्याने सांगितलं वाटी बदला, आज ना उद्या करायचीच आहे. तिसरीकडून एक तेल आणि पुडीतल्या काळ्या गोळ्या, लेबल नाही काही नाही. शिवाय शेजारणीच्या सल्ल्याने मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकणं रोजचं, ते इतकं की गुडघ्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा भाजल्याचा काळा डाग पडलेला आणि काकूंना तो कधी पडला हे माहितीच नव्हतं. शुगरच्या पेशंटला कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, मग शेक किती गरम आहे ते कळतच नाही, त्यामुळे घरात शुगरवालं माणूस असेल तर आधी दुसऱ्याने हात लावून बघायचं आणि मगच शेक द्यायचा.

आता दुखणं नेमकं कसं. नुसतं "दुखतंय" म्हटलं तर काही कळत नाही, म्हणून मी दिवसभराचं विचारते. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो पण दहा-पंधरा मिनिटांत सुटतो. सपाटीवर चालताना ठीक, पायऱ्या चढताना दुखतो पण उतरताना "जीव जातोय बघा". बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. मध्येच पाय दगा देतो, लचकल्यासारखा होतो. आणि रात्री कुशीवर झोपलं की दोन्ही गुडघे एकमेकांना टेकले की ठणका लागून जाग येते. शेवटचं हे वाक्य फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

यातलं प्रत्येक उत्तर काहीतरी सांगतं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर साधी झीज असण्याची शक्यता जास्त. तासभर किंवा त्याहून जास्त राहत असेल, हाताची बोटं मनगटं पण सुजत असतील तर आमवाताची, म्हणजे रुमॅटॉइडची तपासणी करायला लागते. रात्रीत एकदम लाल गरम होऊन सुजला तर यूरिक अ‍ॅसिड नाहीतर इन्फेक्शन, आणि सोबत ताप असेल तर तो गुडघा त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जायला हवा, तेल लावत घरी बसायचं काम नाही. चिकनगुनिया होऊन गेलेले लोक पण महिनोन्‌महिने सांधे धरून बसतात, म्हणून मागच्या वर्षभरात ताप येऊन गेला का हे विचारलंच. काकूंचं यातलं काहीच नव्हतं. एक अजून विचारलं, खाली बसताना किंवा उठताना कधी गुडघ्याच्या मागे "कट्" असा आवाज होऊन एकदम कळ आली का, कारण या वयाच्या बायकांत मेनिस्कस मुळापासून सुटण्याचा एक प्रकार असतो, तो असाच अचानक होतो आणि तो वेगळ्या घाईने ऑर्थोपेडिककडे पाठवायचा असतो. तसंही नव्हतं, रिपोर्टमध्येही मुळाशी काही नव्हतं. गुडघा अडकून सरळच होत नाही असंही कधी झालं नव्हतं.

मग टेबलवर घेतलं. आधी खुबा फिरवून बघितला, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि कित्येक जण खुबा खराब असताना गुडघ्याचे एमआरआय काढत बसतात. खुबा मोकळा. पोटरी मऊ, सूज नाही. गुडघ्यात थोडं पाणी, वाकवताना करकर, पाय किंचित बाहेरच्या बाजूला वाकलेला.

त्यांना म्हटलं, काकू एकाच बोटानं दाखवा, कुठं दुखतंय. आधी अख्खा पंजा गुडघ्यावर फिरवला, सगळेच तसं करतात. मी म्हटलं नाही, एकच बोट. मग विचार करून त्यांनी बोट ठेवलं ते सांध्यावर नाहीच, आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेच्या तीन बोटं खाली, नडगीच्या हाडावर. मी तिथं अंगठा दाबला तर पाय झटकन ओढून घेतला, "आई गं, तिथंच तिथंच, रात्री पण हितंच ठणकतंय." सांध्याच्या रेषेवर दाबलं तेव्हा पण दुखलं, पण एवढं नाही.

त्या जागेला पेस अ‍ॅन्सेरिनस म्हणतात. मांडीचे तीन स्नायू खाली येऊन तिथं हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली पाण्याची बारीक पिशवी असते, बर्सा. वजन जास्त, शुगर, पाय जरा वाकलेले, गुडघ्यात झीज, अशा पन्नाशीपुढच्या बायकांत ती जागा हमखास दुखावते. म्हणजे काकूंच्या एकाच गुडघ्यात दोन दुखणी होती. एक सांध्यातली झीज, जी कायमची आहे पण आटोक्यात ठेवता येते, आणि दुसरं हे सांध्याबाहेरचं, जे चांगलं बरं होऊ शकतं. झोप मोडणारं दुखणं दुसरं होतं आणि ऑपरेशन सुचवलं जात होतं पहिल्यासाठी.

एक्स-रे झोपवून काढलेला होता. झोपून काढला की सांध्यावर वजन येत नाही आणि गॅप आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. उभं करून पुन्हा काढायला सांगितलं, त्यात आतल्या बाजूचा गॅप बराच कमी, ग्रेड ३. झिजेची ही ग्रेड ० ते ४ अशी असते, ४ म्हणजे सगळ्यात जास्त झीज, १९५७ साली केल्ग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी ठरवलेली, अजून तीच वापरतात. पण ग्रेड आणि दुखणं यांचं गणित जुळतंच असं नाही. ग्रेड ४ वाले मजेत भाजी आणायला जातात आणि ग्रेड २ वाले रडत येतात, दोन्ही बघितलेत.

राहिली ती फाटलेली गादी. मुलाला एक अभ्यास सांगितला, अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या साध्या लोकांचे, दुखतंय म्हणून आलेल्यांचे नव्हे, सरसकट एमआरआय काढले होते, २००८ साली छापून आलाय. ३५ टक्के लोकांत मेनिस्कस फाटलेलं किंवा खराब झालेलं निघालं आणि त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघा दुखलाच नव्हता. या वयात गादीला चीर असणं हे केस पिकण्यासारखंच आहे. दुर्बिणीनं साफ करण्याबद्दल तर २००२ साली ह्यूस्टनमध्ये भारी प्रयोग झाला. गुडघ्यात झीज असलेले १८० पेशंट घेतले, काहींना खरी दुर्बीण आणि काहींना नुसत्या वरवरच्या चिरा देऊन टाके घातले, आत काही केलंच नाही, आणि पेशंटना कुणाला काय केलंय ते सांगितलं नाही. दोन वर्षं बघितलं तर खोट्या ऑपरेशनवाल्यांना जेवढा फरक तेवढाच खऱ्यावाल्यांना. पुढे असे अजून अभ्यास झाले आणि २०१७ ला बीएमजे या ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकाने तर झिजेच्या गुडघ्यात दुर्बीण जवळजवळ कुणालाच करू नका अशी ठाम शिफारस केली. तरुण पोरगा कबड्डीत पडला आणि गुडघा अडकलाय, ते वेगळं, तिथं दुर्बीण लागते. मुलगा गप्प बसून ऐकत होता, मग म्हणाला, "म्हणजे रिपोर्ट खोटा नाही, पण दुखणं त्यामुळं असेलच असं नाही." बरोबर.

त्यानंतर गोळ्या बघितल्या. मी प्रत्येकाला सांगते, घरात जेवढ्या गोळ्या खाताय तेवढ्या सगळ्या पिशवीत भरून आणा. काकूंच्या पिशवीत मेडिकलवाल्याने दिलेली एक दुखण्याची गोळी होती, एसीक्लोफिनॅकवाली, दिवसातून दोनदा. दुसरी पट्टी वेगळ्या नावाची, शेजारच्यांनी दिलेली "संधिवाताची", तिच्या मागे बारीक अक्षरात डायक्लोफिनॅक. म्हणजे एकाच जातीच्या दोन गोळ्या दोन नावांनी पोटात चालल्या होत्या, शिवाय बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारं औषध. हे त्रिकूट किडनीला फार वाईट. मी गोळ्या बंद करत नाही, ते माझं कामच नाही, पण त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांच्या फिजिशियनकडे पाठवलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, १.४ निघालं, वाढलेलं. त्यांनी दोन्ही पेनकिलर आणि पुडीतल्या गोळ्या बंद केल्या, पुडीतल्या सुदैवाने दोनच आठवडे घेतल्या होत्या. अशा बिनलेबलाच्या गोळ्यांत कधीकधी स्टिरॉइड असतं, ते खूप दिवस घेतलं असेल तर एकदम बंद करणं पण धोक्याचं असतं, म्हणून हे डॉक्टरांपासून लपवू नका, ओरडतील तर ओरडू देत. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकची जेल लावायला दिली आणि लागलीच तर पॅरासिटॅमॉल. जेलमधून औषध रक्तात फार थोडं जातं आणि गुडघ्यासारख्या कातडीजवळच्या सांध्याला ते गोळीइतकंच चांगलं लागू पडतं, पण लोकांना वाटतं जेल म्हणजे किरकोळ, गोळी म्हणजे खरं औषध. पाच-सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० वर आलं.

सगळ्यात महत्त्वाचं पुढचं आहे. तिन्ही ठिकाणी काकूंना सांगितलं होतं, खाली बसू नका. कुणी हे विचारलं नव्हतं की तुम्ही खाली का बसता. केंद्रात रोजच्या अडीचशे-तीनशे पोळ्या, एक बाई शेकायला, काकू लाटायला, पहाटे ५ पासून तीन तास पाटावर, उजवा पाय मुडपून खाली आणि डावा गुडघा उभा. मी म्हटलं ओट्यावर का नाही लाटत, तर म्हणाल्या, "अहो ओटा माझ्या छातीला लागतोय, खांदं भरून येतात, म्हणून तर खाली बसाय लागले." ओटा ३४ इंची, बाई पाच फुटी. लाटताना वरून जोर द्यायचा तर ओटा कोपरापेक्षा चांगला पाच-सहा इंच खाली हवा. म्हणजे खांदा वाचवायला खाली बसल्या आणि गुडघा गेला. मुलाने वेल्डिंगवाल्याकडून ३१ इंचाचा लोखंडी स्टँड करून घेतला, वर जुनाच पोळपाट, मागे उंच स्टूल, अधूनमधून टेकायला. माझ्या मते या अख्ख्या केसमधली सगळ्यात कामाची ट्रीटमेंट हा स्टँड होता आणि खर्च सगळ्यात कमी त्याचाच.

व्यायामाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मी खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजलं. ७ वेळा आलं. साठीच्या आतबाहेरच्या बाईला साधारण १२ तरी जमायला हव्यात. उजव्या मांडीचा पुढचा स्नायू डाव्यापेक्षा डोळ्याला दिसेल इतका बारीक झालेला. पाय दगा देत होता तो यामुळे, गादी सरकून वगैरे नव्हे. सुरुवातीला पडून करायचे व्यायाम, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद खाली दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडायचा. दोन आठवड्यांनी खुर्चीवरून उठबस, खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच केलेली, मग एक उशी काढली, मग दुसरी. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढउतार. आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहाचे तीन सेट. नियम एकच, करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको. रात्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. काठी डाव्या हातात, कारण दुखरा पाय उजवा. नव्वद टक्के लोक उलटी धरतात असं म्हटलं तर फार चुकणार नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

चौथ्या आठवड्यात पायऱ्यांचं दुखणं ८ वरून ५ वर आलं पण रात्रीचा ठणका राहिलाच. मग ऑर्थोपेडिक सरांकडे पाठवलं, त्यांनी त्या खालच्या जागेवर, सांध्यात नव्हे, स्टिरॉइडचं एकच इंजेक्शन दिलं. शुगर वाढेल हे आधीच सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी २६० गेली, आठवडाभरात खाली आली. झोप मात्र तिसऱ्या रात्रीपासून लागायला लागली. स्टिरॉइडला लोक उगाच घाबरतात तसंच उगाच सारखं घेतात पण. सांध्यात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं दिलं तर कार्टिलेज जास्त झिजतं आणि दुखण्यात सलाइनपेक्षा, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यापेक्षा, फरक नाही, असा २०१७ चा अभ्यास आहे. एखादं, नेमक्या जागी, व्यायाम करता यावा म्हणून, इतपत ठीक.

मुलाने पीआरपीचं पण विचारलं, रक्तातल्या प्लेटलेट काढून गुडघ्यात सोडतात ते, कुणीतरी बरेच पैसे सांगितले होते. २०२१ ला ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर करून बघितलं, वर्षभराने सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा दुखणं काही जास्त कमी झालं नाही. ग्लुकोसामाइनच्या पुड्यांचं पण तसंच, मी सांगत नाही, घेत असाल तर तेच पैसे चांगल्या चपलेत घाला.

वजन सहा महिन्यांत ७४ वरून ६९. डाएट प्लॅन वगैरे काही नाही, संध्याकाळचा उरलेल्या पोळ्यांचा लाडू बंद झाला, चहातली साखर गेली, आणि चालणं वाढलं. वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, म्हणजे इथं पावलागणिक वीस किलो.

सगळं सरळ रेषेत झालं असं नाही. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी आल्या आणि काकू पुन्हा खाली बसल्या, चकल्या पाडायला स्टँड सोयीचा पडत नाही म्हणे. चार दिवसांत दुखणं ७. फोन आला तो घाबरलेला, "परत फाटलं का काय आत?" काही फाटलं नव्हतं. व्यायाम बंद नाही करायचा, निम्म्यावर आणायचा, जेल, उशी, आणि सोऱ्या टेबलवर. दहा-बारा दिवसांत मूळपदावर.

वाटी बदलण्याचा विषय काकूंनीच शेवटी काढला. २००० साली वाजपेयींचा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीत बदलला, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते, तेव्हापासून हे ऑपरेशन घराघरांत माहितीचं झालं. चांगलं ऑपरेशन आहे, शंभरातले ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात, आणि ऑगस्ट २०१७ ला सरकारने किमतीवर मर्यादा घातल्यापासून साध्या इम्प्लांटचा खर्चही आवाक्यात आला, तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला होता. पण पाचात एक पेशंट ऑपरेशननंतरही समाधानी नसतो, आणि ज्याचं मुख्य दुखणं सांध्याच्या बाहेर आहे त्याने सांधा बदलला तर तो त्या पाचव्यातच जाणार. काकूंशी ठरलं ते असं: नीट व्यायाम करूनही घरातल्या घरात चालणं अवघड झालं, रात्री सांध्यातच दुखून झोप मोडायला लागली, पाय अजून वाकत चालला, तर ऑर्थोपेडिक सरांकडे जाऊन तारीख घ्यायची, तेव्हा मागेपुढे बघायचं नाही.

जानेवारीत बघितलं तेव्हा अर्ध्या मिनिटात १२ उठाबशा, पायऱ्या उतरताना दुखणं २ ते ३, रात्री नाही. मांडी घालून बसता येत नाही अजून, सत्यनारायणाला खुर्चीवर बसल्या आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. एक्स-रे पुन्हा काढला नाही, काढला असता तर ग्रेड ३ च दिसली असती. क्रिएटिनिन दर तीन महिन्यांनी, व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी चालूच, आणि मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही हे मुलाच्या बायकोने फ्रिजवर लिहून लावलंय.